मोहोळच्या उन्हात माळवे टिकवताना

एप्रिलमध्ये टोमॅटोची फुले गळू लागली की शेतकरी आधी कृषी सेवा केंद्र गाठतो. तिथून एखादे टॉनिक, एखादी बोरॉनची पुडी आणतो आणि संध्याकाळी पंप पाठीला लावतो. फुले तरीही गळतच राहतात. कारण आज गळणारे फूल आजच्या उन्हाने गेलेले नसते. टोमॅटोच्या कळीत परागकण घडतात ते फूल उमलण्याच्या साधारण आठ-दहा दिवस आधी, आणि उन्हाला सर्वांत हळवी अवस्था तीच. त्या दिवसांत पारा चढलेला असेल तर परागकण पोचट निघतात. फूल उमलते, दिसायला चांगले दिसते, पण फळ धरत नाही; देठाशी पिवळे पडते आणि खाली येते. आपण औषध मारतो तेव्हा नुकसान होऊन आठवडा उलटलेला असतो.

त्यात रात्रीचा भाग वेगळाच. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले की टोमॅटोचे सेटिंग कमी होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. रात्रीचे तापमान २१-२२ अंशांच्या खाली उतरले नाही तरी ते कमी होते, याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. मोहोळ तालुक्यात एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीपार असतोच, आणि अंगणात खाट टाकली तरी मध्यरात्रीपर्यंत झोप लागत नाही. शेडनेटने दुपार थोडी सौम्य करता येते; उघड्या रानातली रात्र थंड करणारे काही अजून बाजारात आलेले नाही. या लेखात आच्छादन, पाणी, सावली, फवारणी सगळे येईल, पण आधीच सांगून ठेवतो: उन्हाळी माळव्याचे बरेवाईट लागवडीच्या तारखेवर निम्म्याहून अधिक ठरते. बाकीचे उपाय त्या तारखेला आधार देतात, चुकलेली तारीख दुरुस्त करत नाहीत.

तारीख उलटी मोजा

पंचवीस-तीस दिवसांचे टोमॅटोचे रोप लावले की पुढच्या महिनाभरात फुलोरा सुरू होतो आणि साठ-सत्तर दिवसांनी पहिला तोडा येतो. मग हिशेब सोपा आहे. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात लावलेला प्लॉट फेब्रुवारीत फुलतो, मार्चच्या मध्यापर्यंत त्याची बरीचशी फळे धरलेली असतात, आणि एप्रिलच्या उन्हात त्याला फक्त फळ पोसायचे असते. तेही जड जातेच. तीस अंशांच्या वर टोमॅटोचा लाल रंग नीट तयार होत नाही, फळ पिवळट-नारिंगी पिकते, आडतीत दर पडतो. तरी फळ हातात तर असते. तोच प्लॉट फेब्रुवारीअखेर लावला तर फुलोरा नेमका एप्रिलच्या तोंडावर येतो आणि झाड नुसते हिरवेगार वाढत राहते. ढोबळी मिरचीचे याहून नाजूक. तिची फुले ३२-३३ अंशांनंतरच गळू लागतात. उघड्या रानात ढोबळी घेऊन मोहोळचा मे काढणे हा शौक म्हणून ठीक आहे, शेती म्हणून नाही.

इथे कुणी म्हणेल, सगळ्यांचा माल मार्च-एप्रिलमध्येच येतो, भाव तर जून-जुलैत असतो. खरे आहे. उन्हाळ्यात माळवे करायचे ते भावासाठीच. पण त्या भावाला गाठायची वाट एप्रिलच्या फुलोऱ्यातून जात नाही. रोपे मेच्या १० ते १५ तारखेच्या दरम्यान रानात गेली, तर झाडाला वैशाखातले दिवस फक्त पाने आणि फांद्या वाढवण्यात काढावे लागतात. वाढीच्या अवस्थेतले रोप आच्छादन आणि ठिबक यांच्या जोरावर चाळीस-एक्केचाळीस अंश सोसते. फुलातले झाड सोसत नाही. फुलोरा येईतो मृगाचे ढग आलेले असतात, दुपारचा पारा पाच-सहा अंशांनी उतरलेला असतो. पाऊस लांबला तर हा हिशेबही आठ-दहा दिवसांनी फसतो, हे लक्षात ठेवूनच क्षेत्र ठरवा. दहा-वीस गुंठे ठीक. दोन एकर टोमॅटो मेमध्ये उभा करायचा तर विहिरीला जूनअखेरपर्यंत पाणी आहे याची खात्री हवी.

या वाटेत मोठा धोका पांढऱ्या माशीचा. उन्हाळी रोपवाटिकेत पांढरी माशी शिरली की बोकड्या रोपाबरोबरच रानात येतो, पुढे काही इलाज राहत नाही. रोपे ४० ते ५० मेशच्या कीटकरोधक जाळीतच वाढलेली हवीत, आणि नर्सरीतून घेताना ती जाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. दारात दुहेरी पडदा नाही, जाळीला भोके आहेत, आजूबाजूला टोमॅटोचा जुना प्लॉट उभा आहे, अशा ठिकाणची रोपे स्वस्त मिळाली तरी महाग पडतात. रोपे आणल्यावर लगेच लावू नका. दोन-तीन दिवस आपल्या झाडाखाली ठेवून पाणी थोडे कमी करा, उन्हाची सवय होऊ द्या. लागवड संध्याकाळी पाचनंतर करा आणि बेड आदल्या दिवशीच भिजवून वाफसा आणून ठेवा. सकाळी लावलेल्या रोपाला पहिल्याच दिवशी आठ-नऊ तास उन्हात काढावे लागतात. संध्याकाळी लावलेल्याला आधी रात्र मिळते.

उन्हाला न घाबरणाऱ्या भाज्या

ज्याच्याकडे पाणी बेताचे आहे, शेडनेट नाही, त्याने टोमॅटो-ढोबळीच्या नादी लागूच नये. गवार, भेंडी, चवळी, वांगी, दोडका, कारले ही उष्ण हवेचीच पिके आहेत. गवार तर या तालुक्यातल्या हलक्या मुरमाड रानातही तग धरते. भेंडी पारा ४२ च्या पुढे जाईतो फारशी फुले टाकत नाही; तिचे दुखणे निराळे. उन्हात ती झपाट्याने निबर होते. एक दिवसाआड तोडा चुकला की अर्धा माल बाजूला काढावा लागतो. म्हणून घरची माणसे किती आहेत ते पाहून भेंडीचे क्षेत्र धरा. उन्हाळी भेंडीवर पांढरी माशी केवडा आणते. परभणी क्रांतीसारखे त्या रोगाला तोंड देणारे वाण आपल्याकडे १९८० च्या दशकापासून आहेत, पण कोणताही वाण कायमचा रोगमुक्त राहत नाही. बियाणे घेताना शेजारच्या गावात गेल्या उन्हाळ्यात काय टिकले ते विचारा.

वेलवर्गीय भाज्यांत उन्हाळ्यात नर फुले जास्त आणि मादी फुले कमी येतात. मोठा दिवस आणि कडक ऊन यांचा तो परिणाम आहे, खताची कमतरता नव्हे. त्यात परागीभवनाची वेळ कळली पाहिजे. काकडी, कारले, कलिंगड यांची फुले पहाटे उमलतात आणि मधमाशी ऊन चढेपर्यंत काम करते. दोडका आणि दुधीची फुले संध्याकाळी उमलतात. सकाळी आठला काकडीवर कीटकनाशक मारणारा स्वतःचे सेटिंग स्वतःच बिघडवतो. बांधावर पाण्याचे एखादे उथळ भांडे, त्यात चार खडे, एवढी सोय मधमाशीला पुरते. भर उन्हाळ्यात तिला फुलांइतकीच पाण्याची गरज असते.

पालेभाज्यांत मेथी आणि पालक मे महिन्यात जिवावर येतात. कोथिंबिरीला भाव चांगला असतो, पण तापलेल्या जमिनीत धने नीट उगवत नाहीत आणि उगवली तरी कोथिंबीर लवकर फुलावर येते. धने रगडून दोन फाके करा, बारा तास भिजवा, सावलीत सुकवून पेरा. पेरायची जागा दोडक्या-कारल्याच्या मांडवाखालची असली तर उत्तम. सावली फुकटची मिळते आणि मांडवाचे पाणीही वापरात येते. लाल माठ, तांदुळजा, राजगिरा, अंबाडी, घोळ यांना या हवेचे काहीच वाटत नाही. यांचा भाव कोथिंबिरीसारखा उसळत नाही, तसा कोसळतही नाही.

आधी जमीन झाका

मेच्या दुपारी उघड्या काळ्या रानात अनवाणी पाऊल टाकून पाहावे. वरच्या थराचे तापमान ५५-६० अंशांपर्यंत जाते, आणि भाजीपाल्याची खाणारी मुळे वरच्या वीतभरातच असतात. पानांची काळजी सगळे करतात, मुळांची फार थोडे. त्यातून आपली काळी जमीन तडकते. भेगांतून ओल उडते आणि मुळेही तुटतात. कोरडवाहू ज्वारीत कोळपणी करून भेगा बुजवायच्या, एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, हे इथल्या जुन्या माणसांना कुणी शिकवावे लागले नाही. १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, तेव्हाही मुख्य प्रश्न जमिनीतली ओल धरून ठेवण्याचाच होता. माळव्यालाही तोच नियम लावा. ठिबकच्या दोन बेडमधली जागा हलकी हलवून ठेवा, ढेकूळ निघेल इतकी खोल नको.

आच्छादनासाठी मोहोळच्या शेतकऱ्याला बाजारात जायची गरज नाही. अनगर, टाकळी सिकंदर, कुरुल, पेनूर, कुठेही पाहा, उसाचे फड आहेत आणि तोडणीनंतर पाचट आहे. ते पेटवून देण्याची घाई अजून सुटत नाही. एकरी दोन-अडीच टन पाचट बेडच्या खांद्यावर आणि मधल्या पट्ट्यात चार बोटे जाड पसरले, तर जमीन कितीतरी थंड राहते आणि पाण्याची पाळी लांबते. खोडाला मात्र ते टेकवू नका. टीचभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर ओल साचून बुंध्याची कूज होते. हलक्या रानात वाळवीवर नजर ठेवा. गव्हाचे काड, करडईचा भुसा, सोयाबीनचे भुसकट हेही चालते. कडबा कुणी आच्छादनाला घालणार नाही आणि घालूही नये, जनावरांचा तो हक्क आहे.

प्लास्टिक मल्चिंग करायचे तर उन्हाळ्यात चंदेरी बाजू वर ठेवा. चंदेरी बाजू ऊन परतवते, आणि तिच्या लखलखाटाने मावा आणि पांढरी माशी पिकावर उतरायला थोडी बिचकते. काळी बाजू वर राहिली तर बेड तव्यासारखा तापतो. चंदेरी बाजू असली तरी भोकाच्या कडेला रोपाचे कोवळे खोड टेकले की तिथे चटका बसतो आणि रोप कोलमडते. शेतकऱ्याला वाटते मर लागली. भोक दोन-तीन इंचांपेक्षा लहान पाडू नका आणि लागवडीनंतर कडेवर मूठभर माती टाका, प्लास्टिक खोडाला लागणार नाही. ज्यांना जमेल त्यांनी प्लास्टिकच्या मधल्या पट्ट्यात पाचट टाकावे. दोन्ही मिळून जो परिणाम दिसतो तो एकट्या कशानेही दिसत नाही.

पाणी: किती, केव्हा, कसले

एक मिलिमीटर पाणी म्हणजे एकरी साधारण ४,००० लिटर. मेमध्ये वाढीला लागलेल्या, पण अजून सगळा बेड न झाकलेल्या टोमॅटो-वांग्याला आपल्याकडे दिवसाला पाच मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते असे धरले, तर एकरी २०,००० लिटर झाले. पाच फुटांवर लॅटरल आणि ४० सेंटिमीटरवर ड्रीपर असेल तर एकरात सुमारे पावणेसात हजार ड्रीपर बसतात. ताशी दोन लिटरचा ड्रीपर असेल तर दीड तास, चार लिटरचा असेल तर पाऊण तास. 'दोन तास मोटर चालवली' याला काही अर्थ नाही. आपला ड्रीपर किती लिटरचा आहे आणि शेवटच्या टोकाला तेवढे पडते का, हे एकदा बाटली लावून मोजा.

हे पाणी एकदम देऊ नका. काळ्या जमिनीत एकदम दिलेले पाणी मुळांचा श्वास कोंडते, हलक्या जमिनीत ते खाली निसटते. सकाळी साडेसातच्या आत निम्म्याहून थोडे जास्त, उरलेले ऊन कलल्यावर. भर दुपारी ठिबक सुरू केले तर उघड्या काळ्या नळीत तापलेले पाणी आधी मुळांशी जाते. हे टाळायला लॅटरल मल्चिंगखाली किंवा पाचटाखाली घ्या. अडचण लाइटची आहे हे मान्य. शेतीची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, आणि ऐनवेळी जाते ती वेगळीच. रात्रपाळीची वीज असेल तर पहाटेची वेळ धरा, किंवा विहिरीचे पाणी रात्री उंचावरच्या टाकीत चढवून सकाळी नुसत्या उताराने ठिबकला सोडा. वीस-पंचवीस गुंठ्यांना एवढे पुरते.

दुपारी दोन वाजता काकडीची, दुधीची पाने माना टाकतात आणि माणूस घाबरून पाणी सोडतो. थांबा. मोठ्या पानांच्या वेली दुपारी मुळांना पुरवता येईल त्याहून जास्त पाणी हवेत सोडतात; पाने लवतात, त्यामुळे त्यांच्यावर पडणारे ऊनही कमी होते. सूर्य कलल्यावर पाने उभी राहिली तर पीक ठीक आहे. सकाळी सातला पाहा. तेव्हाही माना खाली असतील तर बेडमध्ये चार बोटे खोल माती उकरून मुठीत दाबा. लाडू वळत नसेल तर तहान आहे. माती चिकट ओली असूनही झाड सुकत असेल तर ती मर किंवा मूळकूज आहे, आणि पाणी वाढवणे म्हणजे तिला खतपाणी घालणे. उन्हाळ्यात मोहोळच्या काळ्या रानात तहानेपेक्षा जास्त पाण्याने गेलेली वांगी आणि मिरची कमी नाहीत.

आता पाण्याच्या जातीविषयी. सीना आणि भीमेच्या काठाला, कालव्याखाली, आष्टी तलावाच्या आसपास पाण्याची चव बरी असते. मधल्या माळावरच्या बोअरचे पाणी उन्हाळा वाढत जाईल तसे मचूळ होत जाते. ड्रीपरच्या तोंडाशी आणि बेडच्या कडेला पांढरी खपली दिसली की समजा क्षार वर येताहेत. अशा पाण्याने पिकावर तुषार मारणे, दुपारी पाइपने झाडे धुणे हे टाळाच. पाण्याचा थेंब भिंगासारखा पान जाळतो ही समजूत खरी नाही, पण थेंब वाळल्यावर मागे राहिलेले मीठ पान जाळते, हे शंभर टक्के खरे. क्षारयुक्त पाण्यावर घेवडा, काकडी, मिरची लवकर हरतात. पालक, बीट बऱ्यापैकी टिकतात.

आवर्तनाच्या भरवशावर किती राहायचे हे २०२४ च्या उन्हाळ्याने दाखवले आहे. उजनी धरण तेव्हा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेले होते, म्हणजे मृतसाठ्यालाही निम्म्याहून जास्त हात लागला होता. ज्यांच्याकडे शेततळे होते ते तरले, तरी शेततळ्यातूनही पाणी उडत असते. ३० बाय ३० मीटर पाण्याचा पृष्ठभाग धरला आणि दिवसाला आठच मिलिमीटर बाष्पीभवन मानले, तर रोज ७,२०० लिटर हवेत जातात. एकराच्या रोजच्या पाण्याचा तिसरा हिस्सा तो. जुनी शेडनेट फेकून देण्याऐवजी तारांवर ताणून तळ्यावर घाला. वाऱ्याच्या बाजूला शेवरीची दाट ओळ लावा.

सावली कुठून हवी

सरीच्या उत्तरेच्या बगलेला लावावे म्हणजे दुपारची सावली मिळते, असे सांगितले जाते. उत्तर हिंदुस्थानात ते चालते. मोहोळ १७.८ अक्षांशावर आहे. मेच्या ११-१२ तारखेच्या सुमारास सूर्य इथे भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो, आपली सावली पायाखाली जाते, आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो माथ्याच्या किंचित उत्तरेलाच राहतो. तेव्हा उत्तर बगल या दिवसांत सावलीची राहत नाही. आपल्याला नडणारे ऊन दुपारी दोन ते पाचचे, पश्चिमेचे, आणि त्याच बाजूने कोरडा वारा येतो. बंदोबस्त तिकडचा करायला हवा.

सर्वांत स्वस्त बंदोबस्त म्हणजे लागवडीच्या तीन आठवडे आधी प्लॉटच्या पश्चिमेला आणि वायव्येला मक्याच्या दोन-तीन दाट ओळी. वारा अडतो, शेवटच्या दीड तासाची सावली पडते, पांढरी माशीही काहीशी अडते, आणि शेवटी वैरण मिळते. मका नको तर कडवळ ज्वारी, बाजरी. ज्यांनी पानमळे पाहिले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. पानवेलीसाठी शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा दाट लावून आतली हवा दमट आणि गार ठेवायची रीत आपल्याकडे प्लास्टिकच्या कितीतरी आधीची आहे. कायम माळवे करणाऱ्याने पश्चिम बांधावर शेवगा-हादग्याची ओळ लावावी. तिसऱ्या वर्षी ती शेडनेटचे अर्धे काम करते.

शेडनेट घ्यायचीच तर टक्के नीट निवडा. दुकानदार ५० टक्क्यांची नेट पुढे करतो. रोपवाटिका आणि कोथिंबिरीसाठी ती चांगली. टोमॅटो-मिरचीला ३५ टक्के पुरे. जास्त सावलीत झाडे लांबट होतात, फुले कमी येतात, आणि मग उन्हाने नव्हे तर अंधाराने उत्पादन बुडते. नेट पिकापासून चांगली वर, किमान सात-आठ फुटांवर ताणा. पश्चिमेला ती खाली आणा, पण जमिनीपासून दोन-अडीच फूट मोकळे सोडा, कोंडलेली गरम हवा निघून गेली पाहिजे. एप्रिल-मेच्या वळवाचा वारा नेट फाडतो, कधी खांबासकट उचलतो. म्हणून ती पक्की शिवून टाकण्यापेक्षा ओढून गोळा करता येईल अशी बांधा. जूनच्या पावसानंतर ती काढायचीच आहे. आपली हवा कोरडी असल्याने फॉगर चांगले काम करतो, कोकणात करणार नाही इतके चांगले. मात्र त्याला गोडे पाणी हवे. बोअरच्या क्षाराने फॉगरची तोंडे आठवड्यात बुजतात.

कलिंगड-खरबुजावरचे पांढरे क्रॉप कव्हर आता गावोगाव दिसते. कीड अडवायला ते उत्तम, ऊन अडवायला नाही. आत तापमान वाढतेच. फेब्रुवारीत घाला, मार्चअखेर ढगाळ संध्याकाळ पाहून काढा, आणि मादी फुले दिसताच एक दिवसही ठेवू नका. पुढे फळे उघडी पडली तर वेल वर ओढून किंवा गवताने झाका. टोमॅटो-ढोबळीवर पडणारे पांढरे, कागदासारखे चट्टे हा उन्हाचाच चटका असतो आणि ते बहुधा पश्चिमेच्या अंगाला दिसतात. छाटणीच्या हौसेत त्या बाजूची पाने काढू नका.

फवारणीविषयी थोडेसे

थोडेसेच, कारण उन्हाळ्यात फवारणीने वाचण्यापेक्षा बिघडते जास्त. केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात फवारली तर पानावर पातळ पांढरा लेप बसतो आणि पान कमी तापते. वांगी, मिरची, कलिंगड यांवर चालते, पालेभाजीवर नाही. १३:०:४५ लिटरला १० ग्रॅम, संध्याकाळी, हे पाण्याचा ताण सोसायला मदत करते. एनएए मिरचीची नेहमीची फूलगळ आटोक्यात आणते, पण मेलेले परागकण जिवंत करत नाही. युरिया कमी करा. उन्हात नत्राने आलेली लुसलुशीत पालवी म्हणजे फुलकिड्यांना आणि लाल कोळ्याला आवतण. गंधकाची पावडर ३२ अंशांच्या पुढे पाने भाजते, वेलवर्गीय पिकांवर तर हमखास; लाल कोळ्यासाठी ती सुचवली गेली तर पारा पाहून मगच ठरवा. हायवेच्या आणि खडीच्या रस्त्याच्या कडेच्या प्लॉटवर धुळीमुळे कोळी वाढतो. तिथे कडेला मक्याची ओळ औषधापेक्षा जास्त उपयोगी पडते. पिवळे आणि निळे चिकट सापळे लावा, पाच टक्के निंबोळी अर्क घरचाच करा. मे-जूनमध्ये प्रत्येक लिंबाखाली निंबोळ्यांचा सडा असतो.

तोडणी आणि त्यानंतर

पहाटे तोडलेला माल टिकतो, दहानंतर तोडलेला पोत्यातच शिजतो. तोडून झाल्यावर क्रेट झाडाखाली ठेवा आणि त्यांच्यावर ओले गोणपाट टाका. गाडी संध्याकाळची असेल तर शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधून घ्या. पुसा संस्थेने विकसित केलेला हा विटांचा हौद आहे: दुहेरी भिंत, मधे वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी. वीज लागत नाही. एप्रिलच्या दुपारी इथल्या हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते, आणि हवा जितकी कोरडी तितका तो जास्त गार होतो. शंभर किलो माल मावेल असा हौद गावचा गवंडी एका दिवसात उभा करतो.

रब्बी कांदा काढणारे याच दिवसांत घाईला येतात. उपटलेला कांदा उन्हात उघडा पडला की वरची साल भाजते आणि असा कांदा चाळीत महिनाभरही राहत नाही. उपटताना एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा पसरा, तीन-चार दिवसांनी पात कापून सावलीत दहा-पंधरा दिवस सुकवा. सोलापूरच्या बाजारात दर पडले असतील तेव्हा ही मेहनत फळाला येते.

आणि माणसे. तोडणीला येणाऱ्या बाया सहाला रानात येऊन साडेदहाला मोकळ्या झाल्या पाहिजेत. त्यांच्यासाठी सावलीची जागा, गार पाणी, मीठ-साखरेचे पाणी बांधावर असलेच पाहिजे. पाठीवर पंप घेऊन दुपारी फवारणारा माणूस उन्हाने आणि औषधाने असा दोन्हीकडून भाजतो.

हवामान खात्याची कृषी सल्ला पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी येते, ती मेघदूत ॲपवर मराठीत वाचता येते. एक लक्षात ठेवा: मैदानी भागात पारा सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढला किंवा ४५ ला टेकला, तरच उष्णतेची लाट जाहीर होते. आपली मेची सरासरीच चाळिशीला लागून आहे, म्हणजे मोहोळला लाट जाहीर होईतो पारा ४५ च्या घरात गेलेला असतो. टोमॅटोचे नुकसान ३५ लाच सुरू झालेले असते. इशाऱ्याची वाट पाहू नका. येत्या हंगामाआधी, जानेवारी उजाडण्यापूर्वीच, विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याचा नमुना मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्या, मेअखेर किती पाणी उरते ते गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांवरून लिहून काढा, आणि तेवढ्याच पाण्यात बसेल तेवढेच माळवे लावा.